केस गळतात म्हणून दवाखान्यात जाताय? आधी आजाराचं नाव विचारा

बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, पहिल्याच भेटीत डोकं नीट न बघता पॅकेजचा आकडा सांगितला तर पैसे भरू नका. केस गळण्याची कारणं अनेक असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. पहिल्या भेटीतून आजाराचं नाव कळलंच पाहिजे.

तपासणारी व्यक्ती त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाची पदविका) झालेली आहे का, ते बघा. आपल्याशी गोड बोलून फॉर्म भरून घेणारे समुपदेशक म्हणजे डॉक्टर नव्हेत. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई (खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते, तो नंबर विचारायला लाजू नका. खर्च झेपत नसेल तर बेळगावच्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहेच.

जाण्याच्या आदल्या दिवशी केस धुऊ नका, तेलही लावू नका. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं धरतात. सकाळीच डोकं धुतलं असेल तर सुटायचे केस आधीच गेलेले असतात आणि तपासणी फसते. मागच्या चार-पाच महिन्यांत टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन किंवा कडक डाएट झालं असेल तर ते आवर्जून सांगा. ताप आज आला म्हणून केस उद्या गळत नाहीत, ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून लोकांना संबंध लक्षात येत नाही आणि खापर बोअरच्या पाण्यावर फुटतं. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते, तिच्यासाठी हजारो रुपयांच्या इंजेक्शनांची गरज नसते. थायरॉईडची तपासणी सांगितली आणि तुम्ही केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून त्या दोन-तीन दिवस आधी बंद करा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे बहुतेक वेळा चाई. त्यावर लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नका. कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांना 'चाई' शब्द कळेलच असं नाही, सरळ चट्टा दाखवा. त्यात दर चार-सहा आठवड्यांनी स्टिरॉइडची छोटी इंजेक्शनं देतात. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटके केस असतील तर ती बुरशी असू शकते. नुसतं मलम केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही, पोटातून कित्येक आठवडे औषध द्यावं लागतं.

पुरुषांचं आनुवंशिक टक्कल असेल तर ५ टक्के मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध, १ मिली, दिवसातून दोनदा. ते कोरड्या टाळूवर लावायचं, केसांवर नव्हे. तेलकट डोक्यावर लावलं तर फुकट जातं. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढलेली दिसते आणि नेमकं तिथेच माणसं घाबरून औषध सोडतात. किमान चार महिने थांबा. मात्र औषध कायमचं आहे हेही समजून घ्या, बंद केलं की मिळालेले केस तीन-चार महिन्यांत जातात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये. टकलावरची फिनास्टराइड १ मिलिग्रॅमची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. काहींना लैंगिक त्रास किंवा उदासी येते, प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही निम्म्यावर येतो.

पीआरपीत आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात, सहसा महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा. जिथे मूळच उरलेलं नाही तिथे त्याने केस उगवत नाहीत. केसरोपणात कलमं (मुळासकट केस) कोण काढणार आणि कोण बसवणार, हे लेखी घ्या. यूट्यूब बघून शिकलेल्यांनी ते करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही. टाळू चकचकीत झाली, केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, आग होतेय किंवा पू येतोय, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथले गेलेले केस परत येत नाहीत, पण शेजारचे वाचवता येतात.