गोळ्यांची पिशवी हातात ठेवा

आज दुपारी गोखले रोडवरच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे केरळच्या तिकिटांची चौकशी करायला गेले होते. शेजारच्या खुर्च्यांवर एक काका-काकू बसले होते, सत्तरीचे असतील. सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे पैसे भरायला आले होते. काकूंनी चारदा विचारलं, "अजून काही लागेल का हो?" आणि काउंटरवरच्या मुलाने चारही वेळा तेच सांगितलं, "काकू, सगळं इन्क्लूडेड आहे, टेन्शनच घेऊ नका." माझं डोकंच फिरलं. घरी येऊन चहाही न टाकता हे लिहायला बसलेय.

सगळं इन्क्लूडेड नसतं हो! केबिन, मुख्य जेवणघरातलं जेवण, रात्रीचे शो, पोहण्याचा तलाव, एवढं असतं. वायफायचे पैसे वेगळे, कोल्ड्रिंकचे वेगळे, बंदरावर उतरून फिरायच्या बसचे वेगळे. आणि टीप. आपण खुशीने हातावर ठेवतो ती टीप नाही, ही आपोआप बिलात चढते. बऱ्याच परदेशी कंपन्यांचा दर माणशी, दर रात्री १६ ते २० डॉलर असतो. मागे आम्हीही आईला घेऊन अशाच क्रूझला गेलो होतो. आम्ही चौघं, चार रात्री, १८ डॉलरने २८८ डॉलर झाले. शेवटच्या सकाळी केबिनच्या टीव्हीवर बिल उघडलं आणि नवरा एक शब्द न बोलता पलंगावर बसला. आधी माहीत असतं तर त्याचे पैसे बाजूला काढले असते. तक्रार पैशांची नाहीच, न सांगण्याची आहे.

पण त्या बिलापेक्षा मला आठवते ती आईची गोळ्यांची पिशवी. खणाच्या कापडाची, तिने स्वतः शिवलेली. प्रेशरच्या, शुगरच्या, सगळ्या गोळ्या तिच्यात. ती आम्ही निळ्या बॅगेत तळाशी ठेवली होती. बंदरावर मोठ्या बॅगा टॅग लावून ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ उलटून जाते. हे आम्हाला कुणी म्हणजे कुणीही सांगितलं नव्हतं. दुपारी दोनला बॅग दिली, ती आली रात्री साडेआठला. तोवर आई पलंगाच्या कडेला बसून होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, नजर दाराकडे. वर मलाच धीर देत होती, "येईल गं, एवढी काळजी नको करू." डोकं चढलं होतं तिचं. शेवटी जहाजावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला होता, पण तिथे प्रत्येक गोष्टीचे डॉलर लागतात आणि आपला इथला मेडिक्लेम चालत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, आणि काढताना जुन्या आजारांचं काय लिहिलंय ते वाचा. ते कलम बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा.

म्हणून सांगते, औषधं, पासपोर्ट, एक जोडी कपडे, चार्जर हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड नेऊच नका, काढून घेतात. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणार असाल तर दोनदा प्रवेश होतो, व्हिसावर तसं लिहिलंय का बघा. आणि विमान आदल्या दिवशीचं घ्या. विमान उशिरा पोचलं म्हणून जहाज थांबत नाही. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइल जहाजाचंच नेटवर्क पकडतो, ते आपल्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेक वेळा नसतं. चढल्या चढल्या फोन फ्लाइट मोडवर टाका.

ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आईने आलेपाक नेला होता. तो शेजारच्या केबिनमधल्या गुजराती आजींनीच संपवला.

क्रूझ वाईट नाही, हे मान्य. रोज बॅग भरायची नाही, लिफ्ट आहे, व्हीलचेअर मिळते. म्हाताऱ्या माणसांना बसच्या टूरपेक्षा नक्कीच सोयीची.

आणि आई खूश होती, हेही लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती डेकवर गेली, मी मागोमाग. कठड्याला धरून उभी होती, पिशवी काखेत. म्हणाली, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायचो, बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला न्यायचे, तिची आई तिला पदराला बांधून ठेवायची. मला हे आजवर माहीतच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं झाली मला.

जहाजावर संकटात काय करायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं हे दाखवतात, ती सुरक्षेची कवायत मात्र टाळू नका. आमच्याबरोबरची अर्धी मंडळी बुफेच्या रांगेत होती. "कशाला तिथे तिष्ठायचं?" म्हणे! २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझचं जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्यांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. आईला हे समजावावं लागलं नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तिच्या माहेरी ते नाव अजूनही आवाज खाली करून घेतात. लाइफ जॅकेटचा पट्टा कसा ओढायचा ते तिने कवायत घेणाऱ्या मुलीला दोनदा विचारून घेतलं.

त्या काउंटरवरच्या मुलालाही टार्गेट असेल, मान्य. पण समोर सत्तरीची बाई चारदा विचारतेय, तिला एक कागद लिहून द्यायला काय जातं?

मी काका-काकूंच्या मागोमाग खाली उतरले. झेरॉक्सच्या दुकानापाशी उभं राहून सगळं सांगितलं. काकूंनी पावतीच्या मागे पेनाने लिहून घेतलं. पहिलंच, "गोळ्या हातात."

तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांचं बुकिंग झालं असेल तर मला मेसेज करा. आमच्या बिलाचा फोटो आहे माझ्याकडे, पाठवते.