पियाजे असं म्हणालाच नव्हता

दुसऱ्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या वर्गात बालविकासाचा धडा सुरू झाला की कुणी ना कुणी फोनवरचा हा मजकूर दाखवतं: ‘सात वर्षांखालचं मूल विचार करू शकत नाही. त्याला दुसऱ्याची बाजू कळत नाही. सात पूर्ण झाली की समज आपोआप येते. तोवर समजावू नका, पाठ करून घ्या. – पियाजे’. पालकांच्या गटांत तो सल्ला म्हणून फिरतो. मला त्याचा राग येतो, कारण मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच्या उलट काम केलं.

‘विचार करू शकत नाही.’ १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये तरुण पियाजेकडे मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम होतं. त्याचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. रुंद पेल्यातून उंच पेल्यात ओतलेलं तेच पाणी ‘जास्त’ म्हणणारं मूल उंची बघतं, रुंदी सोडून देतं. तो विचारच आहे, अपुरा असला तरी.

‘दुसऱ्याची बाजू कळत नाही.’ हे मात्र पियाजेच्या म्हणण्याच्या जवळ जातं. तीन डोंगरांच्या प्रतिकृतीसमोर बसलेल्या लहान मुलांना पलीकडच्या बाहुलीला काय दिसतं ते सांगता येईना. पण १९७५ मध्ये मार्टिन ह्यूजने डोंगरांऐवजी आडव्याउभ्या भिंती मांडल्या, दोन पोलीस उभे केले आणि मुलांना सांगितलं, या बाहुलीला दोघांपासून लपवा. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आली. लपाछपी त्यांच्या ओळखीची होती, डोंगर नव्हते.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ देते. मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांपुढे सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी ठेवल्या. मोठ्या माणसाने एक ओळ पसरवली आणि प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ‘दोन्ही सारख्याच’ म्हणणारी मुलं सुमारे १६ टक्के. ‘खोडकर टेडी’ नावाच्या खेळण्यातल्या अस्वलाने ती ‘चुकून’ विस्कटली तेव्हा ६० टक्क्यांहून अधिक. टेडीच्या गडबडीत मुलांचं ओळींकडे लक्षच नसेल, अशी शंका पुढे घेतली गेली आणि ती रास्त आहे. तरी गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने पाच वर्षांच्या भाच्याला चिंचोके पसरवून हेच विचारलं. तो म्हणाला, ‘ही जास्त.’ का रे? ‘मावशी, तू परत विचारलंस ना, म्हणून.’

‘सात पूर्ण झाली की आपोआप.’ पियाजेची वयं अंदाजाची आहेत. संख्या तीच राहते हे मुलाला सहा-सातच्या आसपास पटतं, वजनाचं पटायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. एकच मूल एका बाबतीत पुढे, दुसरीत मागे असतं.

‘पाठ करून घ्या.’ पियाजेच्या मते मूल वस्तू हाताळून समज घडवतं. शंभरपर्यंत न अडखळता म्हणणारं चार वर्षांचं मूलही पसरलेल्या ओळीत चिंचोके जास्त आहेत असं सांगतं. घरी करून पाहा. अंक पाठ असल्याने ते उत्तर बदलत नाही. त्याला चिंचोके स्वतः जोडीने लावू द्या, पसरवू द्या, पुन्हा जवळ आणू द्या.