खाण गेली म्हणून रेल्वे गेली, क्लबही गेला? फ्रिकलीच्या तारखा बघा

यॉर्कशरच्या खाणगावांबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सार असं: 'थॅचरबाईंनी १९८५ मध्ये खाणकामगारांचा संप मोडला आणि लगेच खाणींना कुलपं ठोकली. कोळसा थांबला तशी रेल्वे उखडली. पगार बंद झाले तसे गावोगावचे फुटबॉल क्लबही बुडाले.' यातलं दुःख खोटं नाही, पण घटनांचा क्रम पार चुकला आहे आणि त्यामुळे कारणंही चुकली आहेत. यॉर्कशरच्याच साउथ एल्मसॉल गावातली फ्रिकली कॉलिअरी, म्हणजे कोळशाची खाण, उदाहरणाला घेऊ. तिथे खाण, रेल्वे आणि क्लब तिन्ही होतं.

'लगेच कुलपं ठोकली.' संप ३ मार्च १९८५ ला संपला. ज्या कॉर्टनवुडवरून ठिणगी पडली ती खाण त्याच वर्षी बंद झाली, हे कबूल. फ्रिकली मात्र नोव्हेंबर १९९३ पर्यंत कोळसा काढत होती. थॅचर १९९० मध्येच पायउतार झाल्या होत्या. ५० पैकी ३१ खाणी बंद करण्याची घोषणा झाली ऑक्टोबर १९९२ मध्ये, ती केली थॅचरनंतरच्या जॉन मेजर सरकारातले मंत्री मायकेल हेझल्टाइन यांनी. वीज कंपन्यांचं खासगीकरण झालेलं, त्यांचे कोळशाचे करार मार्च १९९३ ला संपणार होते आणि त्या गॅसकडे वळत होत्या. शिवाय १९४७ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ९५८ खाणी होत्या, संपाच्या वेळी उरल्या होत्या सुमारे १७०. मोठी गळती १९६० च्या दशकातली, आणि त्यातली बरीच वर्षं सत्ता मजूर पक्षाची होती. हे सांगितलं की थॅचरविरोधकही रागावतात आणि समर्थकही.

'कोळसा थांबला तशी रेल्वे उखडली.' खाणीची साइडिंग (माल भरायचा बाजूचा रूळ) आणि गावचं स्टेशन या दोन गोष्टी इथे एकाच पोत्यात भरल्या आहेत. साइडिंग खाणीसाठीच असते, तिच्यासोबत जाणारच. स्टेशनचं तसं नाही. साउथ एल्मसॉल स्टेशन १८६६ चं. फ्रिकलीचे शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायचे उभे बोगदे, खणायला सुरुवात झाली १९०३ मध्ये, म्हणजे गाडी खाणीच्या ३७ वर्षं आधी आली. शेजारचं मूरथॉर्प १८७९ चं. दोन्ही स्टेशनं आजही चालू आहेत. डॉन्कास्टर–लीड्स मार्गाचं विद्युतीकरण तर १९८८ मध्ये झालं, संपानंतर आणि खाण बंद होण्याआधी.

प्रवासी गाडी खरोखर गेली ती हल अँड बार्न्सली कंपनीच्या वाथ फाट्यावरून. हा मार्ग १९०२ मध्ये कोळशासाठी घातलेला. त्यावरची प्रवासी सेवा १९२९ मध्येच थांबली. तेव्हा कोळसा भरपूर होता, पण प्रवाशांना आसपास दुसऱ्या कंपन्यांचे मार्ग होते.

मालगाडीवरच्या नोकऱ्यांचंही असंच. १९६० च्या दशकात खाण ते वीजकेंद्र अशा न तुटता फेऱ्या मारणाऱ्या 'मेरी-गो-राउंड' गाड्या आल्या. वाघिणीत (मालडब्यात) साधारण ३२ टन कोळसा, म्हणजे तीसेक वाघिणींच्या गाडीत हजार टनांच्या आसपास. जिथे बंकर (रुळावरची कोळशाची उंच कोठी) होता तिथे गाडी त्याखालून ताशी अर्ध्या मैलाच्या चालीने सरकत भरायची, थांबायची नाही. वेग जरा वाढला की वाघीण अर्धी रिकामी, मंदावला की कोळसा रुळावर. म्हणून इंजिनात खास मंदगती नियंत्रण बसवलेलं. वीजकेंद्रावर रुळालगतच्या यंत्रणेने वाघिणीच्या तळाची दारं चालत्या गाडीत उघडत आणि कोळसा खालच्या खड्ड्यात पडे. गाडी तोडा, वाघिणी वेगळ्या करा, पुन्हा जोडा, हे कामच उरलं नाही. शंटिंगची यार्डं आणि तिथली माणसं कोळसा जोरात असतानाच कमी झाली.

'क्लबही बुडाले.' इथे मात्र दाव्यात थोडा जीव आहे. १९२० च्या कायद्याने खाणमालकांवर टनामागे एक पेनी कल्याणनिधी बसवला. पौंडाला २४० पेनी असण्याचा तो काळ, त्यामुळे वर्षाला दहा लाख टन काढणाऱ्या खाणीमागे सुमारे ४,१६६ पौंड जमा होत. त्या निधीतून मैदानं, सभागृहं, न्हाणीघरं उभी राहिली. अनेक गावांत क्लबची वर्गणी थेट पगारातून कापली जाई. एका माणसाची रक्कम चिल्लर, पण माणसं हजारांत, आणि वसुलीला घरोघर फिरावं लागत नसे. खाण बंद झाली की पगारपत्रक बंद, आणि ही आवक एका आठवड्यात शून्य. फ्लडलाइटचं बिल आणि मैदानाची निगा मात्र थांबत नाही.

तरी फ्रिकलीचा क्लब बुडाला नाही. १९१० मध्ये 'फ्रिकली कॉलिअरी' म्हणून तो सुरू झाला. १९७६ मध्ये नावातलं 'कॉलिअरी' गेलं आणि 'ॲथलेटिक' आलं, तेव्हा खाण अजून १७ वर्षं चालायची होती. त्याचा सर्वोत्तम हंगाम कोणता? १९८५-८६, म्हणजे वर्षभराच्या संपाने गाव कफल्लक झाल्यानंतरचा लगेचचा! नॉन-लीगच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खालच्या क्लबांच्या, सर्वांत वरच्या विभागात दुसरा क्रमांक आला. एफए कपमध्ये हार्टलपूलला त्यांच्याच मैदानावर हरवून तिसरी फेरी गाठली, तिथे रॉदरहॅमकडून ३-१ अशी हार झाली. थेट बढतीचा नियम पुढच्या हंगामापासून आला, त्यामुळे पहिल्या आलेल्या एनफिल्डलाही फुटबॉल लीगमध्ये जागा मिळाली नाही. फ्रिकली १९८७ मध्ये खालच्या विभागात घसरला, तेव्हाही खाण चालूच होती. क्लब आजही वेस्टफील्ड लेनवर खेळतो.

याच्या उलट यॉर्कशरमधलीच दुसरी खाण, डेनबी मेन बघा. खाण १९६८ मध्ये बंद झाली. तिथला क्लब डेनबी युनायटेड २००२ पर्यंत खेळत राहिला आणि मैदान हातचं गेल्यावर संपला. क्लबच्या मरणाला खाणच कारण म्हणणाऱ्यांनी मधल्या ३४ वर्षांचा हिशेब द्यावा.