निदान राहू द्या, उपाय सांगा

लॅपटॉपवर मोठ्या हौसेनं विंडोज काढून लिनक्स टाकलंय आणि वायफाय थोड्या थोड्या वेळानं मान टाकतंय? मग सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. आत कोणतं वायफाय कार्ड आहे हे चुकूनही बघू नका. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ जोडून दिली, की कार्ड इंटेलचं आहे, रिअलटेकचं आहे की मीडियाटेकचं, आणि त्याला कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारी आज्ञावली) जुंपलाय, हे चार ओळींत समोर येतं. आणि समोर आलं की सगळी गंमत गेली. उरतात त्या कार्डाला लागू पडणारे दोन-तीन उपाय आणि सांगलीतली अख्खी रिकामी संध्याकाळ. भडंग खात बसण्यापलीकडे तिचं करणार काय?

त्यापेक्षा जगातल्या प्रत्येक कार्डाचा प्रत्येक उपाय आपल्या यंत्रावर करून बघा. इंटेलच्या ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हरसाठीची ओळ रिअलटेकच्या लॅपटॉपवर, ड्रायव्हरांच्या सेटिंग ठेवायच्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात नवी फाइल करून ठेवून द्या. त्या यंत्रात तो ड्रायव्हर लोडच होत नाही, त्यामुळे त्या ओळीला कुणी विचारत नाही. पण रिस्टार्ट केल्यावर पहिली दहा मिनिटं वायफाय झकास चालेल (रिस्टार्टनंतर ते चालतंच) आणि तुम्ही छाती फुगवून चारचौघांत सांगाल, की उपाय लागू पडला. हे सुख निदान करणाऱ्याच्या नशिबी नाही.

दुखणं नेमकं काय असतं, याची जुजबी कल्पना असायला हरकत नाही. वायफायचा रेडिओ सतत जागा ठेवला तर बॅटरी खातो. म्हणून १९९७ सालच्या ८०२.११ च्या, म्हणजे वायफायच्या, पहिल्याच मानकात त्याला झोपण्याची सोय करून ठेवली आहे. तिलाच ‘पॉवर सेव्ह’ म्हणतात. लॅपटॉप राउटरला सांगतो, मी जरा पडतो, माझं काही आलं तर धरून ठेव. राउटर त्याची पॅकेट (माहितीची पुडकी) बाजूला काढतो आणि बहुतेक ठिकाणी दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, एक हाळी देतो. कुणाकुणाचं सामान येऊन पडलंय त्याची यादी त्या हाळीतच असते. हळदीच्या सौद्यात डुलकी लागलेला अडत्या आपलं नाव पुकारल्यावर तेवढ्यापुरता डोळे उघडतो, तसा लॅपटॉप यादीत आपला नंबर दिसला की उठतो, माल उचलतो आणि पुन्हा आडवा होतो.

व्यवस्था चांगली आहे. बिघडते ती माणसं बघून. कधी ड्रायव्हर वेळेवर उठत नाही, कधी कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या पोटातली आज्ञावली, घोळ घालतं, तर कधी स्वस्तातला राउटर सांभाळायला दिलेली पॅकेट मध्येच फेकून देतो. दोष या तिघांपैकी कुणाचाही असेल. तुम्ही तिघांनाही सोडा आणि “विंडोजवर कसं मस्त चालायचं” असा सुस्कारा टाका. शेजारी कुणी बसलेलं असेल तर मोठ्यानं टाका.

मोजमाप मात्र कटाक्षानं टाळा. एरवी तुम्ही मोजण्यात कुणाला हार जाणार नाही. पावसाळ्यात सांगलीकर चहाच्या आधी विचारतो, “आयर्विनला किती फूट?” म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती. ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि ते पुलाखाली साधारण कधी पोचेल, यावर कट्ट्याकट्ट्यावर गणितं मांडली जातात. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावात ‘पाणी जरा वाढल्यासारखं वाटतंय’ असं मोघम बोलणाऱ्याला कुणी उभं करत नाही. पण लॅपटॉपसमोर बसताना हा गुण उंबऱ्याबाहेर काढून ठेवा. ‘नेट स्लो वाटतंय’ एवढं निदान पुरे.

कारण मोजायला गेलात तर फार सोपं आहे. राउटरचा पत्ता ‘आयपी रूट’ या आज्ञेत दिसतो, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. त्यालाच मिनिटभर पिंग करायचं, म्हणजे हाका मारायच्या, आणि उत्तर किती वेळात येतं ते आकडे बघायचे. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’नं आपल्या वायफायचं इंटरफेस-नाव काढायचं, त्या नावापुढे ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ द्यायचं आणि पुन्हा मिनिटभर पिंग. आधी आकडे कधी पाच, कधी ऐंशी, कधी दीडशे मिलिसेकंद असे उड्या मारत होते आणि आता दोन-तीनावर गप्प बसले, तर चोर पॉवर सेव्हच. तसूभर फरक पडला नाही, तर चोर दुसरा. राउटरपर्यंत सगळं ठीक आणि पुढे तुटतंय, तर लॅपटॉप निर्दोष. फोन केबलवाल्याला लावायचा. यातला मोठा धोका लक्षात आला ना? पाच मिनिटांत निकाल लागतो.

म्हणून मोजू नका, भाच्याला फोन करा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक भाचा प्रत्येकाला असतो.

“मामा, पॉवर मॅनेजमेंट बंद करून टाका सगळं.”

“सगळं म्हंजे कुठलं रं?”

“सगळंच ओ. मी पाठवतो, तुम्ही नुसतं पेस्ट करा आणि एंटर मारा.”

मारा एंटर. ‘सुडो’च्या, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार देणाऱ्या शब्दाच्या, पुढे काय लिहिलंय ते वाचायची आपल्यात रीत नाही. भाच्यानं एका दमात टीएलपी बसवलेलं असेल, वर पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाचं ‘ऑटो-ट्यून’, नेट जोडून देणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत एक बदल आणि चौथी म्हणून ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही केव्हाच निवृत्त व्हायला हवी होती अशी आज्ञा. यातली दोन वायफायला उठवणारी आणि दोन झोपवणारी आहेत. राहू द्यात, घरात मतभेद असले म्हणजे जिवंतपणा वाटतो.

टीएलपीवर थोडं थांबायला हवं, कारण सांगली जिल्ह्याला यासारखं करमणुकीचं साधन दुसरं नाही. बॅटरी वाचवण्यासाठीच बनवलेला हा कार्यक्रम आहे आणि तो आपलं काम इमानानं करतो. चार्जर लावलेला असेल तर वायफायचं पॉवर सेव्ह बंद आणि चार्जर निघाला की चालू, अशी त्याची मूळचीच सेटिंग आहे. आता काय होतं बघा. दुपारी लाईट जाते. महापुरानंतर तुम्ही इन्व्हर्टर माळ्यावर नेलाय आणि त्याच्यावर हॉलमधला पंखा, एक ट्यूब आणि राउटर एवढंच जोडलंय. लॅपटॉपचा प्लग इन्व्हर्टरवर नाही. म्हणजे लाईट गेल्याबरोबर राउटर जागचा हलत नाही, पण लॅपटॉप बॅटरीवर येतो, टीएलपी तत्परतेनं वायफायला झोपवतं आणि तुमची ऑनलाइन मीटिंग अडखळायला लागते. लाईट आली की आपोआप सगळं सुरळीत.

यावरून घरातल्या कर्त्या माणसानं काय निष्कर्ष काढायचा? अर्थातच, इन्व्हर्टरवर राउटरला करंट कमी मिळतो. ताबडतोब इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो मान हलवेल, वायर बदलेल आणि जाताना इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दलही वाईट बोलून जाईल. नवी बॅटरी येईल. पुढच्या वेळी लाईट गेल्यावर तेच होईल. मग राउटर बदला. ‘टीएलपी.कॉन्फ’ या फाइलीत ‘वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट’च्या पुढे ऑफ लिहिलं की एवढी उलाढाल वाचली असती, पण मग त्या इलेक्ट्रिशियनचं पोट कशावर चालायचं?

नेटवर्कमॅनेजरची फाइल हाही एक प्रेक्षणीय प्रकार आहे. उबंटूत (हा लिनक्सचा एक अवतार) तिचं नाव ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ आणि आत एक आकडा, ३. इथं ० म्हणजे डिफॉल्ट, १ म्हणजे आहे तसं असू दे, २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. सरळमार्गी माणूस बंद करायचं म्हणून ० लिहितो आणि बंद काहीच होत नाही. ज्याला २ सापडतो तो आकडा बदलतो, पण फाइलीच्या नावात ‘ऑन’ तसंच ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी स्वतःच घोटाळ्यात पडायची सोय झाली. आणखी हौस असेल तर जुनी फाइल तशीच ठेवून ‘ए’ अक्षरानं सुरू होणारी नवी फाइल बनवा. फाइली वर्णक्रमानं वाचल्या जातात आणि शेवटचा बोलतो त्याचं खरं धरलं जातं. तुमच्या ‘ए’ला ‘डी’ मुकाट्यानं खोडून टाकील आणि तुम्ही लिनक्स बिनभरवशाचं आहे असं सांगत फिराल.

काही कार्डांचं दुखणं पॉवर सेव्हचं नसतंच. रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई घ्या. ते बसवलेल्या काही लॅपटॉपांत अँटेना एकच, आणि ड्रायव्हर कान लावून बसतो ती जोडायची जागा भलतीच. राउटर हातभर अंतरावर असला तरी सिग्नल मरतुकडा. ड्रायव्हरला ‘अँट_सेल’चा योग्य आकडा दिला की तोच लॅपटॉप माडीवरून राउटर ऐकतो. पण हे कळायला कार्डाचं नाव माहीत असावं लागतं आणि आपलं पथ्य तर ठरलेलं आहे. तेव्हा पॉवर मॅनेजमेंट बंद करत राहा. बंद असेल तर पुन्हा बंद करा.

मीडियाटेकच्या एमटी७९२१ सारख्या कार्डांवर कधीकधी पीसीआयची, म्हणजे कार्ड ज्या वाटेनं यंत्राला जोडलेलं असतं तिची, वीजबचत नडते. त्या एका ड्रायव्हरपुरतं ‘डिसेबल_एएसपीएम=१’ देता येतं. त्यात काय मजा? लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नललाच ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ सांगून टाका, म्हणजे एसएसडीपासून सगळ्याच यंत्रांच्या या बचतीवरून तो हात काढून घेतो. मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांना थंडीत बरं पडतं. बॅटरी लवकर संपते हा मुद्दा असेल, तर त्यासाठी टीएलपी आहेच.

झाकण मिटून उघडल्यावर वायफाय गायब होत असेल तर झाकण मिटू नका. ड्रायव्हर काढून पुन्हा घालायला ‘मॉडप्रोब’च्या दोन आज्ञा पुरतात, पण रिस्टार्टला आपली एक शान आहे. ब्लूटूथचा हेडफोन लावल्यावरच २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय रडतं, असं लक्षात आलं तर ते लगेच विसरा. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या रोजनिशीत, फर्मवेअर क्रॅश झाल्याचं स्वच्छ लिहिलेलं असतं, म्हणून तिकडे फिरकूच नका. आणि लॅपटॉप जुना, सेकंडहँड घेतलेला असेल, तर त्याच्या कडेला कधीकधी वायफायचं बारकं बटण असतं, ते दफ्तरात सरकलेलं असू शकतं. ‘आरएफकिल लिस्ट’ विचारलं की ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ म्हणून सांगतं. बटण सरकवण्याआधी निदान दोनदा तरी सगळी सिस्टिम पुसून नव्याने टाका.

टाकताना वेगळी टाका. उबंटूवर तुटत होतं म्हणून मिंट, मिंटवर तुटलं म्हणून फेडोरा, मग आर्च. वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो आणि कर्नल सगळ्यांकडे त्याच एका मुळातून येतो, ही बारीकशी अडचण आहे. तेवढ्यावरून उत्साह घालवू नका. प्रत्येक वेळी वॉलपेपर तरी नवा मिळतोच.

इतकं करूनही भागलं नाही तर केबल टाका. खिडकीतून, पडद्याच्या मागून, देवघराला वळसा घालून टेबलापर्यंत आणा. टेबलाशी आल्यावर कळेल, की तुमच्या नाजूक, पातळ लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. हरकत नाही. दुकानातून यूएसबीचा अडॅप्टर आणा आणि जोडा. तो सुरेख चालेल. मग तुम्ही चहा घ्यायला उठाल आणि तेवढ्यात पॉवरटॉपचं ते ‘ऑटो-ट्यून’, जे भाच्यानं दर बूटला आपोआप चालेल असं करून ठेवलंय, त्याची पुण्याई फळाला येईल. कारण ते यूएसबीवरच्या यंत्रांनाही झोपायची परवानगी देतं. परत आल्यावर नेट बंद दिसलं तर केबल दोनदा काढून घाला, हिसडा देऊन बघा आणि भाच्याला फोन लावा. तो म्हणेल, “मामा, केबल हलकी घेतली तुम्ही.”