क्रांती करायचीय? आधी एक केरेन्स्की शोधा

बंदुका, पैसा, पक्ष हे सगळं नंतर. आधी समोर सरकार असं बघा की अर्धं काम तेच करून देईल. १९१७ साली रशियात लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाला, म्हणजे बोल्शेविकांना, ही सोय आयतीच मिळाली होती. झार गेला, हंगामी सरकार आलं (पुढे त्याचा पंतप्रधान झाला तोच हा केरेन्स्की), लोक म्हणाले युद्ध थांबवा, जमिनी वाटा, सरकार म्हणालं दम धरा, आधी संविधान सभा बसू दे मग बघू, आणि तिची निवडणूक ढकलली पुढे, वर जूनमध्ये आघाडीवर नवीन हल्ला काढला तो आपटला.

जुलैत बोल्शेविकांची रस्त्यावरची गडबड फसली तशी तुमची फसली तर टेन्शन घेऊ नका. लेनिनने दाढी उडवली, डोक्यावर विग चढवला आणि फिनलंडला सटकला. पुढचं सरकार बघतं. ऑगस्टमध्ये सरसेनापती जनरल कोर्निलोव राजधानीवर चालून येतोय म्हटल्यावर केरेन्स्कीसाहेबांची अशी तंतरली की त्यांनी बोल्शेविकांच्याच रेड गार्डांना, म्हणजे हत्यारबंद कामगारांना, रायफली वाटल्या. कोर्निलोवच्या गाड्या रेल्वे कामगारांनी वाटेतच अडवल्या, रायफली काय परत आल्या नाहीत.

गुपित फुटेल म्हणता? फुटू दे की. कामेनेव आणि झिनोविएव, पक्षातलेच सिनियर, यांचा उठावाला विरोध चक्क पेपरात छापून आला, तरी सरकार ढिम्म. जुन्या रशियन कॅलेंडरच्या (आपल्यापेक्षा १३ दिवस मागे) २४ ऑक्टोबरला रात्री लेनिन तोंडाला फडकं बांधून, दाढ दुखत असल्यासारखा, क्रांती करायला निघाला तो ट्रामने! (ट्राम चालू होत्या हे विशेष.)

दुसऱ्या दिवशी पूल, स्टेशनं, टेलिफोन एक्स्चेंज, बँक ताब्यात, केरेन्स्की कुमक आणतो म्हणून मोटारीतून गेले ते गेलेच. सरकार बसलं होतं तो झारचा राजवाडा, विंटर पॅलेस, राखायला कॅडेटची पोरं आणि बायकांच्या बटालियनची तुकडी. अरोरा जहाजाने फुसका बार काढला, आणि मध्यरात्री दोनच्या सुमाराला मंत्रीमंडळ एका डायनिंग रूममध्ये बसलेलं सापडलं.

खरी कसोटी नंतर. राजवाड्याच्या तळघरात झारची दारू. पहारा बसवला तर पहाराच झिंगला, बंब बोलावले तर बंबवालेपण.

आणि हो, ती संविधान सभा. निवडणूक झाली, बोल्शेविकांना साधारण पाव मतं पडली, जानेवारी १९१८ मध्ये सभा बसली, रात्रभर भाषणं झाली, पहाटे एक खलाशी स्टेजवर आला आणि म्हणाला, पहारेकरी दमलेत, आता निघा.