सांदकफूला पळायला जाण्याआधी
एका लेखात वाचलं, तासाभरात दहा किलोमीटर पळणाऱ्याने सांदकफूच्या (पश्चिम बंगाल-नेपाळ सीमेवरचं शिखर) गाइडेड ट्रेल रनला, म्हणजे गाइडसोबत डोंगरवाटेवर पळायला, बिनधास्त जावं. मला हे अजिबात पटलं नाही. दर रविवारी सिंहगड चढून मी गेले होते, तरी वाटेतल्या कालीपोखरी गावानंतरच्या चढावर श्वास पुरेना. सांदकफूच्या ३,६३६ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो हो! आमचा नेपाळीभाषक गाइड सगळ्यांच्या मागे माझ्यासोबत राहिला. थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून द्यायचा आणि म्हणायचा, “दीदी, बिस्तारै.” म्हणजे सावकाश. त्याच्यामुळेच पोहोचले. चढ चालतच चढा, आणि उतरणीचा सराव कराच, माझ्या मांड्या उतारावरच भरून आल्या. पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा, मुक्काम किती उंचीवर आहेत आणि त्रास झाला तर खाली न्यायला गाडी आहे का.