लिला हाऊवरून

मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर चुलतभावाने एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं. आपल्याकडे ऋचा रचल्या जात होत्या तेव्हा इंग्रज गुहेत राहत होते, असा त्याचा सूर. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. त्याच संध्याकाळी त्याचाच दुसरा मेसेज आला: नागपूरच्या काटोल रोडकडच्या आपल्या शेताचं एन.ए. (बिनशेती परवानगी) अडकलंय, कारण जवळच ‘ते गोल दगड’ आहेत, म्हणजे जुनापाणीची शिळावर्तुळं. स्मारकांच्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत बांधकाम बंद, आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. “मेलेल्याच्या दगडापायी जित्या माणसानं घर बांधू नये का?”

मी इंग्लंडहून लिहिलं, दगड राहू दे. उत्तर आलं, “ताई, तू तिथं बसून काऊन शिकवून राहिली आमाले?”

हे मला फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते हे, की दोन्ही मेसेज एकाच माणसाचे होते आणि त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. हजारो वर्षांपूर्वीचं कुणी पाहिलं नाही, त्याचा अभिमान. आणि जे हाताने चाचपता येतं, ज्याच्यावर बसून आम्ही लहानपणी हरभऱ्याचे घाटे सोलले, ते अडगळ.

शनिवारी कामाच्या रोटावर माझं नाव नव्हतं. एलर बेकच्या पुलाजवळ गाडी लावून लिला हाऊला गेले. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीत राहायला आल्यापासून डोक्यात काही घुसळायला लागलं की मी तिकडेच जाते. हवाई दलाच्या कुंपणाच्या बाजूबाजूने वाट आहे, रडारचा पिरॅमिड सतत पाठीशी असतो, पीटच्या काळ्या चिखलात बूट घोट्यापर्यंत रुततात. हेदरचं झुडूप अजून काळंच होतं. दूरवर एक कर्ल्यू पक्षी ओरडत होता, बाकी फक्त वारा.

लिला हाऊ म्हणजे मुअरच्या, इथल्या उजाड माळरानाच्या, माथ्यावरचं एक गोल टेकाड, समुद्रसपाटीपासून 292 मीटरवर. दुरून पाहणाऱ्याला काही विशेष वाटणार नाही. कांस्ययुगातल्या लोकांनी आपल्या माणसाला इथे पुरून वर माती-दगडांचा ढीग रचला. त्यांची भाषा कुणाला माहीत नाही, देव माहीत नाहीत. ‘हाऊ’ हा शब्दसुद्धा त्यांचा नाही, तो पुढे हजारो वर्षांनी समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांचा, त्यांच्याकडे ‘हाउगर’ म्हणजे ढिगारा. वर दगडी क्रॉस आहे, तो ख्रिस्ती काळातला. लोक सांगतात तो लिलाचा. हा लिला इथल्या नॉर्थम्ब्रियाच्या राजा एडविनच्या पदरी होता. इ.स. 626मध्ये मारेकऱ्याने विषारी खंजीर उपसला तेव्हा तो मध्ये पडला आणि स्वतः मेला. ती हकिगत बीड नावाच्या इतिहासकार भिक्षूने लिहून ठेवली आहे. त्याला इथेच पुरलं असं इथले लोक मानतात. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या थडग्यावर दुसऱ्याची आठवण बसवली, आणि पहिल्याला कुणी उकरून फेकलं नाही. 1952मध्ये तोफांच्या सरावाच्या पट्ट्यात येतो म्हणून क्रॉस इथून हलवला होता. 1962मध्ये पुन्हा आणून याच टेकाडावर उभा केला. लष्कराला मुअर लागला, रडारला जागा लागली, तरी टेकाड राहिलं.

भावाला मी हेच लिहिलं. त्याने विचारलं, मग त्यांच्या पाद्र्यांनी खोदून ठेवली होती ती थडगी कोणाची होती? त्याने कुठून शोधलं कोण जाणे, पण खरं आहे. डॅन्बी गावचे पाद्री ॲटकिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात इकडच्या मुअरांवरची कित्येक टेकाडं फोडली. त्यांच्यासारखे आणखीही होते. पण इथे 1882मध्ये जुन्या स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला, 1979च्या कायद्याने अशा संरक्षित टेकाडात परवानगीशिवाय कुदळ मारणं हा गुन्हा ठरला, आणि लोक तो पाळतात. 2003मध्ये याच मुअरला, फायलिंगडेल्स मुअरला, आग लागली, हेदर जळून गेलं, आणि खालून कोरीव दगड उघडे पडले. त्यातला सगळ्यात सुंदर दगड मोजून, नोंदवून पुन्हा मातीत झाकून ठेवला. तो गेटमध्ये लावायला कुणी उचलून नेला नाही. मला याचं कौतुक आहे आणि ते मी लपवणार नाही.

त्या कोरीव दगडांवर काय असतं? बहुतेकांवर वाटीसारखे खळगे. बोटाचं टोक बसेल एवढे, कधी ओळीत, कधी वेडेवाकडे. पहिल्यांदा इथल्या दगडाच्या खळग्यात बोट घातलं तेव्हा मी चरकले. कारण ते माझ्या ओळखीचं होतं.

जुनापाणीचे दगड असेच आहेत. नागपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, 300च्या आसपास शिळावर्तुळं, प्रत्येकाच्या पोटात मातीचा उंचवटा, त्याच्या खाली माणूस. ती लोहयुगातली, लिला हाऊपेक्षा बरीच अलीकडची. कडेच्या काळ्या धोंड्यांवर खळग्यांच्या ओळी. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1879मध्ये त्यांच्यावर लिहिलं, आणि त्याला ते पाहून आठवले ते याच बेटावरचे खळगे! दोन्हीकडच्या माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण तो अधिकारी आपल्या माळावर उभा राहून घरची आठवण काढत होता आणि मी त्याच्या माळावर उभी राहून माझ्या घरची.

पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी नागपूरजवळच्याच माहुरझरीला अशा वर्तुळांचं उत्खनन केलं. माणसासोबत घोडे पुरलेले, घोड्याच्या डोक्यावर तांब्याचं आभूषण. आपला घोडा मरताना त्याला सजवणारी ही माणसं! फॉरवर्डमध्ये ती का नाहीत? कारण त्यांनी काही लिहून ठेवलं नाही आणि त्यांची जात कुणाला माहीत नाही. ज्याच्यावर हक्क सांगता येत नाही त्याचा अभिमान कुणाला वाटत नाही. इथे व्हिटबीत तरी कोण कुणाचा? गावाच्या नावातला ‘बी’सुद्धा नॉर्स लोकांचा. 2018चा डीएनएचा अभ्यास सांगतो की साडेचार हजार वर्षांपूर्वी बाहेरून माणसं आली आणि काही शतकांत ब्रिटनची सुमारे 90 टक्के वंशावळ बदलली. टेकाडं रचणारे त्या नव्यांचेच वारस. माझ्यासारखेच बाहेरून आलेले, फक्त आधी आलेले.

आता जे भावाला लिहिलं नाही ते लिहिते.

आजोबांच्या शेतात विहिरीपाशी कपडे धुवायचा एक काळा दगड आहे. शेताचा धुरा घालताना आजोबांनी तो बैलगाडीतून आणला, असं आई सांगायची. कुठून, ते मी कधी विचारलं नाही. त्यावर खळगे आहेत. आम्ही पोरं त्यांत गोट्या ठेवायचो. बावीस वर्षं मी त्या माळाशेजारी राहिले आणि ते कुणाचं थडगं आहे हे मला इथे आल्यावर, ग्रंथालयातल्या पुस्तकातून कळलं. माझ्या मुलींना मी लिला हाऊला पाच-सहा वेळा नेलं असेल. जुनापाणीला एकदाही नाही. नागपूरला गेलं की लग्नं, बँका आणि दवाखाने.

आणि सही. बाबांमागे सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय, त्यामुळे एन.ए.च्या कागदावर माझी सही लागते. कागद दोनदा येऊन पडले, मी पाठवले नाहीत. भावाला मी सांगते की दगडांसाठी अडवलंय. ते खरं आहे. पण ब्रिटिश पासपोर्ट घेतल्यापासून त्या मातीत माझं म्हणून उरलंय ते सातबाऱ्यावरचं एक नाव, आणि प्लॉट पडले की तेही जाईल. कोणतं कारण मोठं, हे मलाच नीट सांगता येत नाही. घर त्याला खरंच हवंय, त्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहतात.

टेकाडावरून उतरल्यावर गाडीत बसून मी त्याला एवढंच लिहिलं, विहिरीवरच्या दगडाचा फोटो पाठव. रात्री फोटो आला. त्याने दगड घासून, पाणी ओतून घेतला होता. दोन ओळी, नऊ खळगे, प्रत्येकात पाणी साचलेलं. खाली त्याने लिहिलं होतं, “नऊच होते ना गं ताई?”